बॉनेट उघडलं, आता काय बघू?

प्रश्न : वर्षभर गाडी चालवतेय, पण बॉनेट उघडलं की नळ्या-वायरींचं जंजाळ बघून लगेच बंद करते. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, डिपस्टिकपासून, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीपासून करा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. कडी धरून पट्टी ओढा, फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं तर घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पट्टीवर दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर मात्र गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. तेलात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळत असण्याची शक्यता असते.

कूलंटची पांढुरकी टाकी बाहेरूनच बघा, पातळी दिसते. इंजिन गरम असताना तिचं किंवा रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं. खंबाटकी घाटात एका पोराचा हात असा कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिलाय. तेव्हापासून माझ्या गॅरेजात नव्या मुलाच्या हातात पान्हा देण्याआधी मी त्याला हे झाकण दाखवतो.