वडील ७४ वर्षांचे, एओर्टिक स्टेनोसिस निघालाय. छाती न उघडता झडप बदलतात म्हणे, खरं आहे का? कोणी करून घेतलंय?

खरं आहे. एओर्टिक स्टेनोसिस म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप अरुंद होणं. माझ्या वडिलांची ती गेल्या वर्षी बदलली, तेव्हा ते ७८ चे होते. मी डॉक्टर नाही. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्यामुळे पाहिलं आणि विचारून घेतलं तेवढंच सांगतो.

आधी आमची चूक. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सोलापुरातल्या सिद्धरामाच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलायचे. ती काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणं म्हणजे काय ते पाहिलेल्यालाच कळेल. वय झाल्यावर काठी सोडली, पण बाराबंदी घालून मिरवणुकीत चालायचे. एका वर्षी यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी बाळीवेशीतच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, छातीला हात लावून. "दम लागालालाय, दुसरं काय न्हाई." आम्हीही वय झालं म्हणून सोडून दिलं. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, तो सात महिने ओढला. मग एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "आवाज येतोय, टू-डी इको करा." ही झडप अरुंद झाली की रक्त फवाऱ्यासारखं निघतं, त्याचा तो आवाज.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या कागदावर दोन आकडे बघा. निरोगी माणसात झडपेची वाट ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. १ च्या खाली गेली, किंवा सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ४० च्या वर गेला, तर आजार तीव्र. अण्णांचे ०.७ आणि ५२ होते. आकडे असे आणि जोडीला दम, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर थांबू नका. झडपेवर कॅल्शियम साचून ती दगडासारखी होते, ते विरघळवणारं औषध नाही. गोळ्यांनी पाणी उतरतं, दम थोडा कमी होतो, वाट काही मोठी होत नाही. काही न करता सोडलं तर अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत जातात. हे ऐकून मी डॉक्टरांच्या केबिनबाहेर बराच वेळ नुसता बसलो होतो.

आता 'छाती न उघडता' याचा घोळ. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि नातेवाईक गोंधळतात. एक म्हणजे छोट्या चिऱ्यातून केलेलं ऑपरेशन. त्यातही पूर्ण भूल असते, हृदय थांबवून मशीनवर घेतात, जुनी झडप कापून काढतात, फक्त चिरा लहान. दुसरी टावी. जांघेतल्या धमनीतून नळी घालून घडी केलेली झडप हृदयापर्यंत नेतात. जुनी झडप काढतच नाहीत! नवी उघडली की ती जुनीला बाजूला दाबून तिथेच बसते. माणसात हे पहिल्यांदा २००२ साली फ्रान्समध्ये रुआँच्या डॉ. आलँ क्रिबिये यांनी केलं. सुरुवातीला ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही त्यांच्यासाठी होतं, आता पुष्कळांना करतात. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांचा २०२० चा ठोकताळा असा: ६५ च्या आत शक्यतो ऑपरेशन, ८० च्या वर टावी, मधल्यांनी दोन्ही डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं. तुमचे वडील त्या मधल्यांत येतात. म्हणून टावी करणाऱ्याचं आणि सर्जनचं, दोघांचंही मत घ्या. एकच जण भेटला तर तो आपल्या हातचंच सांगणार.

ठरतं ते सीटी स्कॅनवर. झडपेच्या कड्याचा घेर किती, पायातली धमनी नळी जाईल इतकी रुंद आहे का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं झाकली जाणार नाहीत ना, हे सगळं त्यात मोजतात. स्कॅनला शिरेतून डाय देतात, म्हणून क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) आधी करून घ्या. अण्णांची किडनी काठावर होती, त्यात आमचा एक आठवडा गेला.

एक गोष्ट मला कोणी आपणहून सांगितली नाही, विचारल्यावर कळली. टावीची झडप जनावराच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनवतात, काही कंपन्या गाईबैलाचं वापरतात तर काही डुकराचं. आमचं घर लिंगायत, अण्णांच्या गळ्यात लिंग. न सांगता बसवणं मला पटेना. धातूची झडप असते, पण ती ऑपरेशननेच बसते आणि जन्मभर रक्त पातळ करायची गोळी लागते. सांगितल्यावर अण्णा दिवसभर बोलले नाहीत. रात्री जेवताना भाकरी मोडत म्हणाले, "सिद्धरामाला काय सांगायचं ते मी सांगतो, तू पैशाचं बघ."

पैसे हीच खरी अडचण. झडपेचीच किंमत लाखांत. आम्हाला पुण्यात सगळं धरून साडेसतरा लाख लागले, विम्याने निम्मेही दिले नाहीत. वापीची मेरिल कंपनी भारतात झडप बनवते, तिचाही भाव विचारा. ऑपरेशन बरंच स्वस्त पडतं, महात्मा फुले योजनेतही बसतं. पैशासाठी ऑपरेशन निवडलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, तब्येत बरी असलेल्या माणसाला तेही उत्तम असतं.

प्रत्यक्षात तासाभराचं काम. अण्णा हलक्या गुंगीत होते. झडप फुगवताना काही सेकंद हृदय मुद्दाम इतकं वेगाने धडधडवतात की रक्त जवळजवळ बाहेर पडतच नाही, म्हणजे झडप जागची हलत नाही. त्यांना ते कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी चालले, चौथ्या दिवशी घरी. जांघेत एवढासा डाग.

धोके आहेतच. झडपेशेजारूनच हृदयाची वायरिंग जाते, ती दबली तर कायमचा पेसमेकर लागतो. शेजारच्या खाटेवरच्या आजींना लागला. अर्धांगवायू, पायाच्या धमनीला इजा, झडपेच्या कडेने थोडी गळती, हेही होऊ शकतं. यातलं काय किती जणांना झालं, ते तुमच्या डॉक्टरांना त्यांच्याच रुग्णांबद्दल विचारा. चिडले तर दुसरे बघा.

दात मात्र आधीच दाखवून घ्या. नंतर दात काढायचा झाला तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, नाहीतर नव्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि सीटीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळच्याने परत यायचा बेत करू नका. आम्ही केला होता. क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायलाच तीन वाजले आणि उपाशी अण्णा कँटीनबाहेर शेंगाचटणी-भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.