मॅडम, बजेट बसत नाहीये!

ऑनलाइन फ्रेंड्सना भेटायला परदेशात जायचंय, महिना-दीड महिना राहायचंय, पैसे मोजकेच आहेत आणि जमेल का तेच कळत नाहीये. मी समुपदेशन करते, आणि गेल्या दोनेक वर्षांत हे मी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरचा "बजेट" म्हणाला की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करते, कारण गोष्ट पैशांची नसतेच. म्हणजे असते, पण वरवरची.

एकीचं सांगते. तिला नाव देत नाही, खोटंसुद्धा नाही. गोवा एवढासा, कुणाची कोण ते लोक दोन वाक्यांत ओळखतात. बारीकसारीक तपशील बदललेत आणि तिला विचारूनच लिहितेय.

सत्तावीस वर्षांची, फोंड्याकडची, एका कंपनीत अकाउंट्स बघते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चित्रं काढणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरली आणि तिथे पाच-सहा जणांचं जमलं ते जमलंच. दर शनिवारी आपले रात्रीचे दहा, उन्हाळ्यात त्यांच्यातल्या बहुतेकांचे संध्याकाळचे साडेसहा, कॅमेरा लावून सगळे आपापल्या वहीत काढत बसणार. जर्मनीत लाइपझिगचं एक जोडपं, पोलंडमध्ये व्रोत्सवाफची एक मुलगी, एक नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला, एक पोर्तुगालमध्ये पोर्तोला. आजी गेली तेव्हा ही घरात कुणाकडे रडली नाही, त्या शनिवारी त्यांच्यासमोर रडली. तर अशी मैत्री.

तीन लाख साठवलेले, बेचाळीस रात्रींचा प्लॅन. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूनच बसली. "मॅडम, किती वेळा मांडलं, बजेट बसत नाहीये."

मी म्हटलं दाखव. आता मला एक्सेल फारसं कळत नाही, पण माणूस काय लिहितो आणि काय लिहीत नाही ते कळतं, तीस वर्षं तेच करतेय. शीट अगदी नेटकी होती. मडगावहून कोकणकन्येने मुंबई, तिथून गल्फमार्गे विमान, शहराशहरांत बस, झ्लॉटीचा, म्हणजे पोलंडच्या चलनाचा, वेगळा हिशोब. पण दोन आकड्यांवर माझं बोट थांबलं. 'राहणं' शून्य, सगळ्या रात्री मित्रांच्या घरी. आणि 'गिफ्ट्स' साडेएकोणतीस हजार. काजू, खाजं, अझुलेज टाइल्स, प्रत्येकाच्या आईसाठी स्टोल. स्वतःचं जेवण? दिवसाला साडेतीनशे, म्हणजे साडेतीन युरो. बेचाळीस दिवसांचे चौदा हजार सातशे. स्वतः जेवायला जेवढे ठेवलेत त्याच्या दुप्पट दुसऱ्यांच्या हातावर ठेवायला!

लगेच काही बोलले नाही. आणखी एक गोष्ट अडकलेली होती. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्यासाठी मित्राकडे राहणार असाल तर त्याचं पत्र लागतं, पत्त्यासकट, आणि काही देशांत ते त्याला सरकारी ऑफिसात जाऊन रीतसर करून आणावं लागतं. ते पत्र हिने दोन महिने मागितलंच नव्हतं. "कसं मागू, त्यांना वाटेल ही आत्तापासूनच गळ्यात पडली." अपॉइंटमेंटच्या तारखा निघून चाललेल्या आणि ही रात्री बसून स्टोलच्या किमती बघतेय.

तिसऱ्या की चौथ्या वेळी मी एकदम वेगळंच विचारलं. "चवथीला तुमच्याकडे कोण कोण येतं?"

"सगळेच. वीस-बावीस माणसं."

"त्यात कोण आलं की घर खुलतं?"

"बेळगावचा मामा!" पटकन आलं.

"काय आणतो तो?"

जरा थांबली. "काहीच नाही हो. कधी कुंदा आणतो, बऱ्याचदा विसरतो. येतो, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला शिडीवर चढतो, जेवतो, आपलं ताट आपण घासतो आणि दुपारी पडवीत घोरतो."

"आणि कोण आलं की दमायला होतं?"

आता ती हसायलाच लागली. "मुंबईची आत्या. बॅग भरून कपडे, डबे, काय काय, आणि दिवसभर विचारत बसते, माझा त्रास नाही ना होत तुम्हाला, खरं सांगा हां. आई म्हणते, हिला 'नाही' सांगून सांगून माझा घसा बसला."

"बरं. ह्या शीटमध्ये कोण बसलंय, मामा की आत्या?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. वर पंखा कटकट करत होता, बाहेर कदंबाच्या बसचा हॉर्न, आणि मी तोंड मिटून बसले, जे मला मुळीच जमत नाही. मग तिने हळूच लॅपटॉप अर्धा मिटला आणि म्हणाली, "शी! मीच आत्या आहे."

आत्या वाईट नाही हां. आत्या घाबरलेली आहे. आपण नुसते आलो तर चालणार नाही, रिकाम्या हातांनी आपली किंमत काय, म्हणून ती आल्या-आल्या भाडं भरून टाकते. हिची गिफ्ट्स म्हणजे तेच, मैत्रीचं भाडं, तेही ॲडव्हान्स! हे मला त्या क्षणी दिसलं आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळभर मी स्वतःवर खुश होते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची, त्यामुळे माझं लक्ष सतत एका अक्षराकडे असतं, 'च'. त्यांना मी आवडले तर मजा येईल, ही इच्छा झाली. त्यांना मी आवडलेच पाहिजे, इथे गळफास सुरू. मराठीत सगळा त्रास ह्या एका 'च'ने होतो असं माझं मत आहे, माझे विद्यार्थी ह्यावरून माझी नक्कल करतात, करू दे. तिला एलिसचा तो प्रसिद्ध किस्साही सांगितला. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा म्हणून महिनाभर ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन शंभर जणींशी बोलला, एकीनेच भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली ना.

मग तिथेच माझ्यासमोर मेसेज लिहायला लावला. पहिल्या ड्राफ्टमध्ये चार वेळा सॉरी. चारही काढले. उरलं ते दोन ओळींचं, मी येतेय, व्हिसासाठी पत्र लागेल, जमेल का. लाइपझिगवाल्यांचं उत्तर रात्री आलं, तारखा कळव आणि तुला कुत्र्याची ॲलर्जी आहे का. उट्रेक्टवालीने सांगितलं, रूममेट आहे, तीन रात्रींच्या वर जमणार नाही. म्हणजे नकारच, अर्धा. मी विचारलं काय वाटलं, तर म्हणाली, वाईट वाटलं, मग जेवायला बसले.

मधे एकदा आई आल्या होत्या. "न पाहिलेली माणसं, उद्या काही झालं तर?" त्यांना मी समजावून परत पाठवलं नाही, कारण त्यांची भीती कामाची आहे. पाच वर्षं दर आठवड्याला दिसणारं माणूस आणि तीन महिन्यांत गोड बोलून पैसे मागणारं माणूस ह्यात फरक आहे, पण तो फरक तपासून घ्यायला लागतो. म्हणून सगळ्यांनाच सांगते, कुणी आधी पैसे मागितले की तिथेच थांबा. पहिली भेट स्टेशनवर नाहीतर कॅफेत, पत्ते घरी लिहून ठेवा, पासपोर्ट आणि कार्ड स्वतःकडेच, आणि 112 पाठ करा, तो नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो. आईंना मंगेशीचे पेढे पाठवायचे होते, पण दुधाची मिठाई बाहेरून युरोपात नेता येत नाही, ह्याचं त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं.

आणि माझा सगळ्यात हट्टाचा सल्ला, प्रत्येक शहरात पहिल्या एक-दोन रात्री हॉस्टेलमध्ये काढा. पैसे जातील, जाऊ दे. स्वतःची चावी खिशात असलेला पाहुणा वेगळा वागतो, आणि घरच्यांनाही तो जड होत नाही. हिने नवीन शीट केली, गिफ्ट्स चार हजार, हॉस्टेलच्या चौदा रात्री, जेवण तिप्पट. एक आठवडा कमी केला, पस्तीस दिवस. बसलं की बजेट! व्हिसाचे 90 युरो, निदान 30,000 युरो कव्हर असलेला इन्शुरन्स, सगळं धरून. शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवस मिळतात आणि जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून जर्मनी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. व्हिसा हातात पडायच्या आधी रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका, फी तर नकार आला तरी परत येत नाहीच.

गेली आणि आली. पोर्तोत काही जमलं नाही म्हणे, स्क्रीनवर तासन्तास बोलणारी माणसं समोरासमोर बसल्यावर गप्प, दुसऱ्या दिवशी दोघांनाही कळलं. ही उरलेले दिवस हॉस्टेलमध्ये राहून नदीकाठी चित्रं काढत बसली. शनिवारचा कॉल मात्र अजून चालू आहे, पोर्तोवालासुद्धा असतो.

परवा तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. व्रोत्सवाफवाली चवथीला गोव्यात यायचं म्हणतेय आणि तिने विचारलंय, तुमच्या घरात माणसं किती, प्रत्येकासाठी काय आणू, आणि मी आठ दिवस राहिले तर तुमच्या आईला खरंच त्रास नाही ना होणार?

खाली हिने मला फक्त एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, आत्या!"