एकाच ऑनलाइन कोर्सचा अनुभव प्रत्येकाला इतका वेगळा का येतो?

सगळ्यात मोठा फरक पडतो तो आधीच्या ज्ञानाने. नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं आणि पायरीपायरीने दिलेल्या सूचना लागतातच, नाहीतर सगळी शक्ती चाचपडण्यातच जाते. पण विषय येणाऱ्याला त्याच सूचना आड येतात, कारण नको असलेली माहितीही वाचून, ताडून बाजूला सारावी लागते. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ स्लावा काल्युगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा उलटा परिणाम नीट मांडला. म्हणून एकाच कोर्सबद्दल 'फार संथ' आणि 'फार भरभर' या दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात.

दुसरं म्हणजे स्वतःला शिस्त लावणं. वर्गात वेळापत्रक असतं, शिक्षकांची नजर असते. ऑनलाइन मात्र कधी बसायचं, कुठे थांबायचं, खरंच समजलं की नुसतं ओळखीचं वाटतंय, हे सगळं शिकणाऱ्यानेच ठरवायचं. हे कौशल्य कुणी शिकवलेलं नसतं. ते नसलं की हुशार माणूसही मागे पडतो आणि दोष आपल्या बुद्धीला देतो, याचं फार वाईट वाटतं.

संगणक हाताळायची सवय, दृष्टी, श्रवण यांचाही परिणाम होतोच.

'मी बघून शिकतो, तो ऐकून शिकतो' हे मात्र यात धरू नका. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा अशा शैलीनुसार शिकवावं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. कोर्स निवडताना त्यापेक्षा सुरुवातीला चाचणी देऊन आपल्याला आधीच येत असलेले भाग वगळता येतात का, ते बघा.