कोलटकरांची कविता, चित्रकला आणि प्राध्यापकाची नोकरी

प्रश्न : मुलगी साताऱ्यात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इंग्रजी. अरुण कोलटकरांची कविता आणि त्या काळातली चित्रकला यांवर तिला पीएच.डी. करायचीय. अशाने प्राध्यापकाची नोकरी मिळेल का? आम्हाला बी.एड. बरं वाटतं. – एक आई

ताई,

मुलीने विषय नेमका हेरलाय. कोलटकर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात काम केलं. त्यांच्या १९७६ च्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहात ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबडे-कोंबड्यांची कविता आहे. तिथे ‘अप’, ‘डाउन’ हे शब्दच पानभर उड्या मारतात. नुसती कविता शिकलेल्याला ते पान पुरतं उलगडत नाही, नुसती चित्रकला शिकलेल्यालाही नाही. आणि हा विषय विद्यापीठांत चालतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या अंजली नेर्लेकरांचं २०१६ चं ‘बॉम्बे मॉडर्न’ हे पुस्तक कोलटकरांवरच आहे.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. संशोधन दोन विषयांत करता येतं, पण प्राध्यापकपदाची जाहिरात निघते एकाच विषयाची, आणि नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षाही त्याच विषयात लागते. कला-इतिहासाचे विभाग देशात मोजकेच, इंग्रजीचा विभाग तालुक्याच्या कॉलेजातही असतो. म्हणून माझं मत : एम.ए. आणि नेट इंग्रजीतच करू दे, चित्रकला पीएच.डी.त आणू दे. चित्रकलेची ओढ फारच असेल, तर जेएनयूच्या स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्सचं एम.ए. आहे. तिथे बी.ए. इंग्रजी चालतं, पण नंतरच्या जागा कमी, हे धरून चला.

पैशांचं म्हणाल, तर नेटमध्ये वरचे गुण मिळवून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. नुसती नेट असेल तर तासिका तत्त्वावर काही वर्षं काढावी लागतात, आणि त्या पैशांत घर चालत नाही. तेवढ्यासाठी बी.एड. नंतर करता येईल. आत्ताच तिकडे वळवू नका.

तिची मोठी जमेची बाजू म्हणजे मराठी. ‘शब्द’, ‘असो’सारखी त्या काळची मराठी लघुनियतकालिकं ती मुळातून वाचू शकते. चित्रकलेच्या बाजूने, बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि चित्रकार भूपेन खख्खर यांनी काढलेलं ‘वृश्चिक’ हे नियतकालिक आशिया आर्ट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर आहे. शेख स्वतः गुजराती कवी, चित्रकार आणि कला-इतिहासाचे शिक्षक. या सुट्टीत तिने त्यातला एखादा अंक घेऊन मजकूर आणि चित्रं एकत्र वाचावीत, आठ-दहा पानं लिहावीत. पुढे पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिताना ती पानं उपयोगी पडतील.