सही खरी, पण संदेश खरा का?

प्रश्न : पुढच्या सिग्नलची वेळ आणि आसपासच्या गाड्यांची जागा गाडीला रेडिओवरून कळते म्हणे. मग कोणी लॅपटॉपवरून खोटे संदेश सोडले तर? आणि गाडी सतत स्वतःचा ठावठिकाणा सांगत असेल, तर तिचा माग काढणेही सोपेच झाले की!

उत्तर : अमेरिकेतली पद्धत घेऊ. तिथे गाडी ५.९ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सेकंदाला १० वेळा जागा, वेग आणि दिशा कळवते. हा संदेश मुद्दाम उघडा ठेवतात, कारण अनोळखी गाडीलाही तो लगेच वाचता यायला हवा. पण त्यावर ६४ बाइटची डिजिटल सही असते आणि त्या सहीला प्रमाणपत्राचा, म्हणजे गाडी अधिकृत असल्याच्या डिजिटल दाखल्याचा, आधार लागतो. लॅपटॉपवाल्याकडे ते नसते, म्हणून त्याचा संदेश बाद होतो. खरा संदेश टिपून उशिरा पुन्हा सोडला, तर आतल्या वेळेवरून तो शिळा ठरतो.

माग काढता येऊ नये म्हणून गाडीला दर आठवड्याला २० टोपणनावी प्रमाणपत्रे मिळतात आणि ती आलटूनपालटून वापरली जातात. नाव बदलताना रेडिओचा पत्ता आणि संदेशाचा क्रमांकही त्याच क्षणी बदलावा लागतो. एक जरी जुना राहिला, तरी दोन्ही नावे एकाच गाडीची हे उघड होते.

खरी अडचण वेगळीच आहे. सही संदेश कोणाचा हे सांगते, तो खरा आहे का हे सांगत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये अमेरिकी परिवहन खात्याच्या सिग्नल-प्रणालीवर हेच दाखवले. रेडिओ असलेल्या गाड्या अजून थोड्या, म्हणून ती प्रणाली बाकीच्यांचा अंदाज बांधते. वैध प्रमाणपत्राच्या एकाच गाडीने ‘मी दूर मागे थांबले आहे’ असे खोटे कळवले, की पुढे लांब रांग आहे असे धरून प्रणाली रिकाम्या रस्त्याला हिरवा दिवा देत राहते आणि आडव्या रस्त्यावर गाड्या तुंबतात.

म्हणून चौकात रेडिओवर एकट्यावर विसंबू नये. रस्त्यात पुरलेले, वरून जाणारी गाडी ओळखणारे तारेचे लूप किंवा कॅमेरा यांच्याशी ताडून न जुळणारी गाडी हिशेबातून वगळावी आणि तक्रार पुढे पाठवून तिची प्रमाणपत्रे रद्द करवावीत. रद्द झालेल्यांची यादी गाड्यांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही, तर या रद्द करण्याला अर्थ उरत नाही. सहीची किल्ली, म्हणजे सही करायला लागणारा गुप्त आकडा, साध्या मेमरीत न ठेवता वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये ठेवावी. आणि चौकातल्या सिग्नल चालवणाऱ्या पेटीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१४ मध्ये मिशिगनमधल्याच एका सिग्नल-जाळ्यात तो तसाच राहिलेला सापडला होता.