गुडघ्याखालचं गोणपाट

प्रश्न : माझे मिस्टर फरशी बसवायचं काम करतात. वय ४१, पैकी २२ वर्षं याच कामात गेली. दिवाळीपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी मऊ गाठ येते. दोन दिवस घरी राहिले की उतरते, कामावर गेले की परत भरते. मेडिकलमधून नी-कॅप आणली, काही फरक नाही. पुतण्याने मोबाइलवर पायाला बांधायचा एक सांगाडा दाखवला. गुडघे टेकल्यावर त्याच्यावर मागे बसता येतं म्हणे. महाग आहे. घ्यावा का?
– एक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला आमचं सोलापूरचं घर आठवलं. माझे वडील शहाबादी फरशीचे मिस्त्री. गुडघ्याखाली गोणपाटाची चौपदरी घडी घ्यायचे आणि एक फरशी बसली की थापीच्या टोकाने ती घडी मागे ओढायचे. संध्याकाळी मोरीत हातपाय धुवायला बसले की त्यांच्या गुडघ्यांत वाळूचे कण रुतलेले असायचे. मी ते नखाने काढायचे. घट्टे इतके जाड झाले होते की त्यांना कळायचंही नाही. पन्नाशीच्या आत त्यांचं मांडी घालून बसणं सुटलं. लग्नाच्या पंगतीत ते भिंतीला टेकून, पाय लांब करून, ताट हातात धरून जेवायचे. मी फिजिओथेरपी शिकायला गेले ते याच गुडघ्यांमुळे, म्हणून जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

आधी गाठीचं. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये एक चपटी, पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. कातडी हाडावरून सहज सरकावी म्हणून ती असते. रोज तिच्यावर अंगाचं वजन पडलं, घासलं गेलं की ती सुजते आणि पाणी धरते. इंग्रजीत या दुखण्याला ‘मोलकरणीचा गुडघा’ असं जुनं नाव आहे, गुडघ्यांवर बसून फरशा पुसणाऱ्या बायकांवरून पडलेलं. तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतं, पण एकदा डॉक्टरांच्या हाताखालून गुडघा जायलाच हवा. गाठ लाल झाली, हाताला गरम लागली, ताप आला, तर त्यात पू होत असू शकतो. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कोणी ओळखीचा सुईने पाणी काढून देतो म्हणाला तर अजिबात काढू देऊ नका. गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो त्रास गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या गादीचा असू शकतो, आणि खाली बसून काम करणाऱ्यांत ती गादी फाटण्याचं प्रमाण जास्त असतं.

आता नी-कॅप. हा घोटाळा मी दर महिन्याला पाहते. मेडिकलमधली नी-कॅप म्हणजे ताणाचा कापडी मोजा. तो गुडघ्याला धरून ठेवतो, ऊब देतो. टणक जमीन आणि वाटी यांच्यामध्ये तो काहीच घालत नाही. उलट सुजलेल्या पिशवीवर घट्ट बसला तर त्रास वाढतो. दादांना हवेत ते कामाचे नी-पॅड. ते मेडिकलमध्ये शोधू नका, हार्डवेअरच्या नाहीतर सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

घेताना काय बघायचं? आमच्या क्लिनिकमध्ये एक मिस्त्री आपले पॅड घेऊन आले होते. मी ते उलटे करून पाहिले. आतला फोम दाबून दाबून बिस्किटाएवढा उरला होता, शिवणीत वाळलेलं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटींत भरायचा लगदा, भरलं होतं, आणि मागचा वरचा पट्टा तुटल्यामुळे त्यांनी खालचाच ओढून आवळला होता. त्या पट्ट्याचा वळ पोटरीवर उमटलेला दिसत होता. पॅड होते, तरी वाटी जमिनीवरच होती. म्हणून दुकानात फोम अंगठ्याने जोरात दाबून बघा. अंगठा तळाला टेकला तर तो पॅड ठेवून द्या. मग बांधून दुकानाच्या उघड्या लादीवर पाच मिनिटं खरोखर गुडघे टेकायला सांगा, दुकानदार काय म्हणेल याचा विचार करू नका. पट्टे दोन हवेत, रुंद हवेत, आणि गुडघ्यामागच्या घडीवर एकही येता कामा नये.

वरचं कवच गोल आणि कडक असेल तर खडीवर, सळईच्या कामावर चांगलं. टाइल्सवर ते डोलतं, ओल्या जागी घसरतं, आणि त्यात वाळूचा कण अडकला की गिऱ्हाइकाच्या टाइलवर चरा पडतो. दादांसाठी सपाट, रुंद, रबरी तळाचा पॅड घ्या, आणि तो वाटीखाली नडगीवर चार बोटं तरी उतरलेला असावा. माणूस ताठ गुडघ्यांवर उभा असतो तेव्हा भार वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर येतो, पुढे वाकून टाइल ठोकायला लागला की वाटीवर येतो. नडगीला आधार मिळाला तर हा भार पसरतो.

पाकिटावर ‘ईएन १४४०४’ असं छापलेलं दिसलं तर ते गुडघे टेकून करायच्या कामासाठीच्या पॅडचं युरोपातलं मानक आहे. त्यात ०, १ आणि २ अशा पातळ्या असतात. ० म्हणजे फक्त सपाट जागेसाठी, खाली खडा आला तर त्याची जबाबदारी नाही. १ म्हणजे टोकदार खडा १०० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे १० किलोच्या दाबापर्यंत, आत घुसत नाही. २ म्हणजे खडकाळ जागा. टाइल्सच्या कामाला १ पुरेशी आहे.

पट्टे काचतात म्हणून पॅड खिशात पडून राहतात, ही तक्रारही नेहमीची. त्यावर उपाय गल्लीतल्या शिंप्याकडे आहे. कामाच्या जाड सुती पँटला पुढून खिसे शिवून घ्या, खालच्या बाजूने उघडे, म्हणजे पॅड आत सरकवता येतो आणि धुताना काढता येतो. खिशाची जागा मात्र दादा गुडघे टेकून बसलेले असताना खडूने आखा. उभं राहून आखली की चुकते, कारण बसताना कापड ओढलं जातं. सूज पुरती उतरेपर्यंत हे सगळं थांबू द्या. पॅड बांधून सुजलेल्या गुडघ्यावर कामाला जाणं नको.

आणि तो सांगाडा. नडगीला बांधायचा, मागे बैठक असलेला सांगाडा मी हाताळला आहे. कल्पना चांगली आहे. कुल्ले टाचांपर्यंत जात नाहीत, त्यामुळे गुडघा पूर्ण दुमडत नाही, आणि वजनाचा काही भाग बैठक घेते. एका जागी बराच वेळ बसून काम असेल, उदाहरणार्थ स्कर्टिंग लावणं किंवा भिंतीच्या तळाचा बोर्ड जोडणं, तर त्याचा उपयोग आहे. पण फरशी बसवणारा माणूस सतत मागे सरकतो, उठतो, कटरकडे जातो, माल घेतो. पायाला चौकट बांधून हे करणं अवघड, आणि जिन्यावर तर ती धोक्याचीच. माझ्या मते तुम्ही ते पैसे घालू नका. त्यातून चांगल्या पॅडचे दोन-तीन जोड येतील. ग्राउट भरताना दादांनी एक वीतभर उंचीचा लाकडी पाट पायांमध्ये घेऊन त्यावर बसावं, तेवढंच काम होतं.

एक गोष्ट पॅडच्या हातात नाही. पॅड वाटीवरचा दाब कमी करतो, गुडघा दुमडलेला राहतो तो राहतोच. आतल्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, आणि गादीवर येणारा ताण तसाच असतो. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं. पाच-सहा टाइल्स झाल्या की पुढचा माल स्वतः उभं राहून कालवायचा, बिगाऱ्याला ‘आण रे’ म्हणायचं नाही. मोठे मिस्त्री झाले की माणसं खालून उठतच नाहीत, सगळं हातात मिळतं. माझ्या वडिलांचं तेच झालं.

ठेकेदाराकडे पॅड मागायला दादा संकोचतील, तरी मागू द्या. साधा बरा जोड मिस्त्रीच्या एका दिवसाच्या हजेरीत येतो. आणि दादांची बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी नसेल तर करून घ्या. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, एवढी अट आहे.

प्रश्न : आम्ही स्ट्रॉबेरी करतो. तोडणीच्या दिवसांत मी सकाळपासून उकिडवी बसून असते. गेल्या आठवड्यापासून डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ बधिर वाटतं आणि चालताना चप्पल जमिनीवर आपटते. गुडघ्याला पॅड लावू का?
– एक वाचक, तालुका महाबळेश्वर

उत्तर : वहिनी, पॅड नको, आणि हे उत्तर वाचून होताच डॉक्टरांकडे जा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक टेंगळासारखा भाग हाताला लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक शीर (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची) कातडीच्या अगदी जवळून जाते आणि पाऊल वर उचलण्याचं काम तीच करते. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दाबली जाते. पंजा उचलला जात नाही, म्हणून चप्पल आपटते. वैद्यकात याला ‘स्ट्रॉबेरी वेचणाऱ्यांचा लुळेपणा’ असंच नाव आहे, तुमच्याच पिकावरून. शीर वेळेत मोकळी झाली तर बहुतेकांचं पाऊल पूर्ववत होतं. म्हणून सुटीची वाट बघू नका. तोवर उकिडवं बसणं पूर्ण बंद, आणि त्या बाजूला पट्टा, मोजा, नी-कॅप, काही घट्ट बांधायचं नाही.

बरं झाल्यावर पुन्हा वाफ्यांत जाल तेव्हा बसण्याची सोय बदला. कोरियातल्या शेतकरी बायका जाड फोमची गोल बैठक वापरतात. तिला दोन ताणाचे पट्टे असतात, त्यांत दोन्ही पाय घालून ती मांड्यांपर्यंत चढवायची. उठलं की ती मागे लटकून सोबत येते, बसलं की खाली हजर. अशा बैठका आता ऑनलाइन मिळतात. ओल्या मल्चिंग पेपरवर पाट घेऊन सरकण्यापेक्षा हे सोपं आहे. पट्टे मांडीवर सैल असावेत, गुडघ्यापाशी येऊ नयेत. आणि एका वाफ्याची तोडणी झाली की क्रेट स्वतः उचलून बांधावर नेऊन ठेवा, तेवढं चालणं होतं.

प्रश्न : माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. दोन पोरं कामाला आहेत. त्यांना पॅड घ्यावेत का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : त्यांचं काम गाडीभोवतीच असतं. बांधायच्या पॅडपेक्षा दोन बोटं जाडीच्या कडक फोमचा तुकडा, वर ऑइल न शोषणारं रेक्झिन, एवढं प्रत्येकाला द्या. गाडी बदलली की पायाने सरकवता येतो. जमलं तर गाडी वर घ्यायचा रॅम्प करा, म्हणजे अर्धी कामं उभ्यानेच होतील.