प्राथमिक वर्गासाठी निष्पत्तींवर आधारित घटक नियोजन कसे करावे?

घटकाची आखणी उपक्रमांपासून सुरू करावी की अध्ययन निष्पत्तीपासून (म्हणजे घटक शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवे, हे सांगणाऱ्या विधानापासून), असे आपण विचारले आहे. निष्पत्तीपासूनच करावी, आणि तिच्यातले क्रियापद आधी नीट वाचावे. ‘अपूर्णांकांची तुलना करतो’ असे लिहिले असेल, तर रंगवलेले भाग मोजून घेणे पुरेसे नाही. म्हणून पाठ आखण्यापूर्वीच शेवटची चाचणी ठरवावी: १/३ आणि १/४ यांपैकी मोठा कोणता, हे मुलाने कागदाची पट्टी दुमडून दाखवावे आणि कारणही सांगावे. चार हा तीनपेक्षा मोठा म्हणून १/४ मोठा, असे अनेक मुलांना अगदी मनापासून वाटते, आणि ही समज पहिल्याच तासाला उघड झाली तर पुढच्या तासिकांचा क्रम ठरवणे सोपे जाते. मधली एक तासिका फेरअध्यापनासाठी मोकळी ठेवावी.